करंजाचं पाणी

६ जुलै
रूपेशची पत्रिका आली. पनवेलला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन. उरणजवळच्या करंजा गावचा मुलगा, शाळेत माझ्याकडे चित्रकला शिकला. आता मोबाइलवर ‘चुटकीसरशी पाऊस’ शिकवतो, रंगीत पेन्सिलींनी. चुटकीसरशी! मला एक डबकं काढायला आठवडा जातो. पत्रिकेत मी ‘गुरुवर्य’. हसले.

९ जुलै
कळंबोलीला रस्त्याकडेला चित्र काढत बसले होते. ट्रकांचे दिवे, ओला रस्ता. कागद दमट, पेन्सिल धरेना. चहावाला म्हणे, “मॅडम, फोटो काढा ना, पटकन होईल.” सगळ्यांना पटकन हवंय.
उजेड काढायचा नसतो, सोडायचा असतो. तेवढा कागद कोरा. जन्मभर वर्गात हेच सांगितलं. भिंतींना.

१३ जुलै
प्रदर्शनाला गेले. उद्घाटक: “अगदी फोटोसारखं!” टाळ्या. बायका चित्रांकडे पाठ करून सेल्फी काढतायत. छत्रीखालची जोडपी, गुलाबी धुकं. कॅलेंडरचा माल.
मग शेवटची भिंत. करंजा बंदर, पावसात होड्या, मधोमध पाण्यावर उजेड. नुसता कोरा कागद. असं मला कधी…
रूपेश मागे येऊन उभा. “बाई, तुमी खरा सांगा. बाकीच्यांचा मी आयकत नाय.”
“मधलं पाणी अर्धवट राहिलंय,” म्हटलं. “भरून काढ.”
त्याचा चेहरा पडला. मान डोलावली. रिक्षात बसेपर्यंत मजा वाटत होती.

१४ जुलै
नाही भरणार. बाई म्हणाली म्हणून कुणी आपलं चित्र मारतं का? भरलंच तर त्याच लायकीचा.
जेवण गेलं नाही.

१६ जुलै
सकाळी मेसेज. “बाई, चित्र घरी आनलाय. आज भरतो. पान्याला रंग कंचा घेऊ?”
एकदा पेन्सिल दाबून फिरली की तो पांढरा परत येत नाही, कितीही खोडा. त्याला ठाऊक आहे. तरी विचारतोय. लाचार कुठला.
फोन केला. उचलेना. पुन्हा केला.
“बोला बाई.”
“सुरुवात केलीस?”
“एका कडेनं. थोडासाच.”
“थांब. हात लावू नकोस. मी येते.”
“का बाई? चुकला काय?”
फोन ठेवला.
आता उरणच्या गाडीत. अक्षर हलतंय. चांगलं आहे, एवढंच तर म्हणायचंय. मनात म्हणून बघितलं. दर वेळी मागून ‘पण’ येतोय.