रिफातचं कुलूप

सोमवार, ७ जुलै. सकाळी ९.
कप नवा नाही, पण उत्साह नवा. माझ्या लाडक्या कपातून ('सर्वात वेगवान कोड, २०१७', कंपनीचं बक्षीस) कॉफी घेतली आणि जाहीर केलं: बुधवारपर्यंत बग मारतो.

बग असा. आमचं सॉफ्टवेअर एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात आठ खोटे कॉम्प्युटर चालवतं. आठही जण एकाच वहीत लिहितात. दोघांनी एकदम लिहिलं की मशीन मरतं. रोज नाही, कधीतरीच. लहर आली की.

फाइल रिफातची. सहा वर्षं शेजारी बसलेला माझा मित्र. २०१८ला मला टाकून डब्लिनला गेला, आणि मागे हे ठेवून गेला! आता त्याला परत यायचंय, कारण इथे आमच्याच शहरात, अ‍ॅथलोन भागात, त्याची आई एकटी आहे. त्याची शुक्रवारी मुलाखत. मार्लीनने, म्हणजे आमच्या बॉसने, गुरुवारपर्यंत माझं लेखी मत मागितलंय. माझ्या मताला वजन आहे.

टीमचा नियम: ज्याच्या ओळीने मशीन मेलं, त्याने रविवारी सगळ्यांना कोसिस्टर, म्हणजे पाकात बुडवून खोबरं लावलेले तळलेले गोड वडे, खिलवायचे. डब्लिनहून कसे पाठवतोस बघू, रिफात.

मंगळवार, ८ जुलै.
सुरुवात झाली नाही. ढग टेबल माउंटनच्या खाली आले होते. अशा उजेडात विचार होत नाही.

बुधवार, ९ जुलै. दुपारी ४.
मारला!! कोण कुठे पोचलंय ते कळावं म्हणून 'इथपर्यंत आलो' असं छापणारी एक ओळ घातली. बग गायब. हजार वेळा चालवलं, एकदाही मेलं नाही. का, ते नीटसं कळलं नाही. तपशील नंतर. बर्नडीनला फोन केला. बायको असून म्हणाली, येताना ब्रेड आण.

गुरुवार, १० जुलै.
झिंत्ले. दोन वर्षांपूर्वी टीममध्ये आलेली, मीच शिकवलेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "अंकल लायनल, तुम्ही चोर पकडला नाहीत, त्याच्या वाटेत स्पीडब्रेकर घातलाय." म्हणे छापायला वेळ लागतो, तेवढ्यात एक जण मागे पडतो, म्हणून टक्कर चुकते. लोक हसले. मी हसणाऱ्यांची नावं लक्षात ठेवली आहेत.

रिफातबद्दलचं मत पाठवलं. 'माणूस गोड, काम निष्काळजी. परत घेऊ नये.' मित्र आहे. पण खरं ते खरं.

शुक्रवार, ११ जुलै.
विश्वासघात! झिंत्लेने माझी ओळ काढली. न विचारता! चाळिसाव्या फेरीला मशीन मेलं. मशीनही तिच्याच बाजूचं. या ऑफिसात माझं कुणी नाही.

शनिवार, १२ जुलै. घरी.
चूक रिफातचीच, हा पुरावा झिंत्लेच्या तोंडावर फेकायचं ठरवलं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली, कुणी खोडली, याची नोंद असते. शोधली.

२०१६: वहीला कुलूप लावलं. एका वेळी एकानेच लिहावं. — रिफात.
२०१७: कुलूप काढलं. उगाच भित्रेपणा. आता वेग बघा! — लायनल.

दोनदा वाचलं. लायनल नावाचे खूप लोक असतात. आमच्या कंपनीत मात्र एकच.

जेवलो नाही. बर्नडीनने विचारलं, काय झालं. म्हटलं, रिफातने मला फसवलं. आठ वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं ना त्याने.

सोमवार, १४ जुलै.
मार्लीनने बोलावलं. टेबलावर माझं मत. मुलाखतीत तिने रिफातला मशीन कसं मरतं ते दाखवलं. तो लगेच म्हणाला, इथे कुलूप होतं, कुणीतरी काढलंय. कुणी, असं विचारलं तर म्हणाला, "आता आठवत नाही. पण असेल कुणी चांगलाच माणूस, घाईत असेल."

रिफातला माझ्या लग्नातल्या बँडवाल्याचा फोन नंबर अजून पाठ आहे.

मार्लीन म्हणाली, नोंद मी वाचलीय, लायनल. मत बदलायचंय का? म्हटलं, भाषा थोडी सुधारतो. ती म्हणाली, राहू दे, त्याला घेतलंय. एक तारखेपासून तो तुझ्या शेजारी.

दुपारी कुलूप परत लावलं. एकच ओळ. तीन टक्के हळू, पण मरत नाही.

रविवार, २० जुलै. सकाळी ८.
कोसिस्टर आणायला अ‍ॅथलोनला. आख्ख्या भागात चांगले एकाच घरी मिळतात, आणि ते घर रिफातचं. म्हातारीने लगेच ओळखलं. खोबऱ्याच्या हातांनीच माझे गाल धरले. "लायनल, बाळा, माझा पोरगा परत येतोय! तूच शब्द टाकला असशील ना? त्याच्या तोंडी तर तुझंच नाव असतं."

'नाही' म्हणायला तोंड उघडलं. तिने त्यात गरम कोसिस्टर घातला.

डबे गाडीत आहेत. पाऊण तास झाला, मी अजून तिच्याच दारासमोर गाडीत बसलोय. घास गिळवत नाहीये. खोबरं जरा जुनं असावं.