ओवीच्या मापाची सुतळी

२ जून, सकाळी ७
आजपासून फक्त समाजकार्य. कॉलेज सोडलं तेव्हाच ठरवलं होतं. (सर आधी ओरडले, मी नंतर.) आमच्या गावच्या मंडळाची लालबागला खोली आहे. गावात सहा घरांनी आईबाप गेलेलं एकेक पोर सांभाळायला घेतलंय. कुणी मामा, कुणी काकू, एक तर नुसती शेजारीण. मंडळ त्यांना शाळेचे कपडे, वह्या पाठवतं. हे काम देविका बघते. योगायोग.

४ जून
अंबिकाकाकूने गावाहून मापं पाठवली. टेप नाही, म्हणून प्रत्येक पोराची एक सुतळी: खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लांब, छातीच्या मापाला गाठ, टोकाला नावाची चिठ्ठी. काकूकडची ओवी यंदा पहिलीत. युनिफॉर्म नाही तर शाळा नाही, असा तिने काकूला दम दिलाय. सोळाला शाळा. देविकाने सुतळ्या माझ्या हातात दिल्या. हरवू नकोस हां, म्हणाली. एवढा विश्वास कोणी उगाच टाकत नाही.

५ जून, दुपारी
सुतळी म्हणजे जुनाट पद्धत. सगळी मापं वितीने मोजून मोबाइलमध्ये टाकली. ओवी: तीन वीत, चार बोटं. सुतळ्या मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी
उद्या देविकाचा वाढदिवस. फ्रेम घेतली. आत माझा फोटो, तिला कामात हुरूप यावा म्हणून. खाकी कागदात गुंडाळली. सेलोटेप संपली होती, पण अडलं नाही. बांधायला सुतळ्या होत्या. चिठ्ठ्या आत खोचल्या.

६ जून
गिफ्ट दिलं. नंतर बघते म्हणाली, कपाटावर ठेवलं. एकांतात उघडायचं असणार.

७ जून
हिंदमाताच्या कापडबाजारात गेलो. दुकानदार विचारतो, वीत तुमची की माझी? अख्खं दुकान हसलं. डोकं फिरलं. सहाही युनिफॉर्म एकाच साइजचे घेतले, मोठे. पोरं वाढणारच. पार्सल गावच्या बसने रवाना. उद्यापासून राग बंद.

१० जून
काकूचा फोन, स्पीकरवर. म्हणे, रे बाबा, ओवीचो फ्रॉक माका येता. ओवी रुसून माळ्यावर बसलीय, जेवत नाही. देविकाने सुतळ्या मागितल्या. सेफ आहेत, म्हटलं. तिची नजर कपाटावर गेली. एक चिठ्ठी नीट खोचली गेली नव्हती.
मी मारलेल्या गाठी आणि छातीच्या गाठी वेगळ्या करायला तिला दोन तास लागले. मदत करू का विचारलं. हात लावू नकोस, म्हणाली. फ्रेमकडे बघायला तिला वेळच मिळाला नाही.

११ जून
देविका आणि हितेंद्र सुतळ्या घेऊन हिंदमाताला गेले. हितेंद्र मंडळाचा सेक्रेटरी, घाम फार येतो त्याला. मी खोली सांभाळली. जबाबदारीचं काम आहे. कपडे घेऊन तो स्वतः गावी जाणार. मी येतो म्हटलं, तर दोघं एकदम नको म्हणाले.

१७ जून
काल सहाही पोरं शाळेत गेली. ओवी सगळ्यांच्या पुढे, फ्रॉक बरोब्बर गुडघ्यापर्यंत. त्यांचा फोटो देविकाने मोठा काढून खोलीत लावला. माझ्या फ्रेममध्ये. जवळ गेलो. विचारलं, आतला फोटो कुठाय? म्हणाली, आहे की, मागे. मुलांचा फोटो सैल बसत होता रे, पुठ्ठा हवा होता. तुझा घडी करून घातला.
ती गेल्यावर हलवून बघितलं. खरंच, आता हलत नाही.