वाचलं

३ जून
आले बाई एकदाची! खोली घड्याळवाल्याच्या दुकानावर आहे, खिडकी रस्त्याकडे, पंखा कुरकुरतो पण फिरतो. घरमालकीणबाई बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही. चावी हातात ठेवता ठेवता सुनेच्या सगळ्या तक्रारी सांगून मोकळ्या झाल्या.

काम दादानं मिळवून दिलं, ही खोलीही त्यानंच शोधली. आमची ऑपरेटिंग सिस्टीम खुली आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावी, आतला कोड उघडून बघावा, दुरुस्त करावा. तिच्यावर डिजिटल रेडिओ मात्र अजून लागत नाही. बोटाएवढा रिसीव्हर कॉम्प्युटरला खोचला तर ती त्याला ओळखच दाखवत नाही. ती ओळख मी करून द्यायची. नियम एकच. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं वाचायचा आणि खाली ‘वाचलं’ असं लिहायचं, त्याशिवाय एक ओळ आत जात नाही. माझं दादा वाचणार, त्याचं मी.

दादा दुसऱ्या गावाहून काम करतो. गेलं वर्षभर त्याचा घसा बसलाय तो बसलाच, डॉक्टरांनीही हात टेकले. सगळं लिहून सांगतो. माझं चालतं हो, पण आईला दिसत नाही. तिची मुलं म्हणजे आमचे दोन आवाज, त्यातला एक गेला. म्हणून रोज संध्याकाळी फोन करून मी दोघांच्या वाटचं बोलते. बडबडी आहेच मी.

९ जून
लागला! लागला! रिसीव्हर ओळखला, स्टेशनांची यादी आली, पहिलंच गाणं इतकं भिकार की मी त्यावर नाचले. खालून घड्याळवाल्यानं काठीनं छत ठोकलं. दादानं माझ्या कोडखाली लिहिलं, ‘वाचलं, खारुताई.’ हे नाव शाळेपासूनचं. मला सायकलवर डबलसीट नेताना एकदा तो पडला, पुढचा अर्धा दात तुटला, तरी आधी माझे गुडघे पाहिले. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

१४ जून
यादीत एक स्टेशन बिननावाचं आहे. त्यावर गाणी नाहीत, बातम्या नाहीत, नुसता एक माणूस विचारतोय की कुणी ऐकतंय का. आवाज दादाचा. अगदी त्याचाच, पूर्वीचा.

दादाला कळवलं. म्हणाला, घसा बसायच्या आधीचं चाचणीचं रेकॉर्डिंग कुठूनतरी घुसलंय, दुरुस्ती पाठवतो. असेल बाई. पण मी शिंकले तेव्हा तो आवाज थांबला, आणि मग खारुताई म्हणाला.

१५ जून
दुरुस्ती आली, मारुतीच्या शेपटीएवढी लांबलचक. दादानं घाई लावली. मी वाचायला वेळ मागितला तर विचारतो, सख्ख्या भावावरही विश्वास नाही का? फार लागलं मला ते. त्याचं काय तपासायचं? न वाचताच खाली ‘वाचलं’ लिहून टाकलं.

लगेच उत्तर आलं, ‘वाचलो.’

हसूच आलं. म्हटलं, दादा, एवढा घोडा झालास तरी साधा शब्द धड लिहिता येत नाही?

१७ जून
घसा खवखवतोय. पंख्याचा वारा बाधला असणार. बिननावाचं स्टेशन गप्प आहे. संध्याकाळी आईनं मला चटकन ओळखलं नाही, कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारलं.

१८ जून
घरमालकीणबाई गरम पाणी घेऊन वर आल्या. म्हणाल्या, या खोलीत घसे बसतात की काय कोण जाणे, आधीच्या मुलाचाही असाच बसला होता. शेवटी शेवटी चिठ्ठ्या लिहून बोलायचा. फार गुणी मुलगा. पुढचा दात तेवढा अर्धा तुटलेला.

दादा इथे राहत होता. याच खोलीत. मला एका शब्दानं बोलला नाही.

१९ जून
आवाज गेला. पार गेला.

दुपारी आईचा फोन. आनंदानं रडत होती. दादा घरी आलाय, आवाज परत आलाय, खणखणीत! मग विचारलं, तू का गं बोलत नाहीस? मी तोंड उघडलं — नुसती हवा. मागून दादा म्हणाला, कामात असेल ती, राहू दे. आणि फोन ठेवला. आईनं नाही. त्यानं.

२० जून
आज वाचला त्याचा कोड. लपवलंही नाही मेल्यानं. सगळ्यात वर, सरळ मराठीत — जो खाली ‘वाचलं’ लिहील त्याचा आवाज आत, माझा बाहेर.

तो बदल मागे घ्यायचा कोड पाठवला. त्याखाली ‘वाचलं’ लिहिणार कोण? दादाच. लिहीत नाही.

बिननावाचं स्टेशन बोलतंय. मी बोलतेय. आईला हाका मारतेय. रिसीव्हर उपटून फेकला — तर खाली घड्याळवाल्याच्या रेडिओवर — तो खूश आहे, म्हणतो, नवी बाई गोड बोलते.

२१ जून
दादा, तुलाही कुणी असंच फसवलं असेल. मग मला का? मलाच का?

आईला पत्र — पण तिला वाचून कोण दाखवणार — तोच —

खालून माझा आवाज येतोय. रडतेय मी तिथे —

एक शब्द तर लिहायचा होता. त्याला माहीत होतं. पहिल्यापासून पक्कं माहीत होतं, मी वाचणार नाही. मी वाच—