तू शिवलेलं कव्हर

माय,

तू गेल्यावर घरातला कम्प्युटर दोनदा बदलला, पण तू शिवलेलं कव्हर अजून तेच आहे. तुझ्या जांभळ्या लुगड्याचं, आतून अस्तर लावलेलं, खाली झालर. पहिला कम्प्युटर मुदखेडच्या घरात आला त्या दिवशी तू शिलाई मशीन ओढत थेट स्वयंपाकघरात आणलंस. गॅसवर वरण शिजतंय आणि तू त्या नव्या डब्याचं माप वितीनं घेते आहेस. मी म्हणाले, माय, त्याला हवा लागते. तू वर न बघताच म्हणालीस, "हवा लागती म्हून उघडं ठिवायचं का? धूळ खाईल ना ते." तुझ्यापुढे कोण बोलणार! माठावर ताटली, भाकरीवर फडकं, रेडिओला टोपडं, टीव्हीला पडदा. पिठाचा डबा उघडा दिसला की माझ्या पाठीत धपाटा ठरलेला. आपल्या घरात झाकणं म्हणजे जपणं, आणि बाबा ते तुझ्याकडूनच शिकले.

आता मी नांदेडला दोन खोल्यांत बाबांना घेऊन राहते. शाळा-कॉलेजांच्या प्रश्नपत्रिका आणि छापखान्यांसाठी पुस्तकं टाइप करून, पानांची मांडणी करून देते. पोट या मशीनवर आहे. या मे महिन्यात ते दुपारचं आपोआप बंद पडायला लागलं. त्याचा प्रोसेसर, म्हणजे त्याचं डोकं म्हण, नव्वद अंशांच्या पुढे तापत होता. एवढं तापलं की मशीन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. माणसाला ही सोय नाही. मी डबा उघडला, पंख्यावरची धूळ ब्रशनं काढली, पंखा फिरतो की नाही ते पाहिलं. फिरत होता. मग पंखा आणि त्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या मधे एक पेस्ट असते, ती उष्णता वर ओढून घेते. ती वाळून चुन्याचा पोपडा झाली होती. पुसून काढली, मुगाच्या दाण्याएवढी नवी लावली, स्क्रू एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात असे थोडे थोडे आवळले. सकाळी मशीन एकदम गार. मी स्वतःवर खूश. दुपारी पुन्हा तेच! मग मी नांदेडच्या उन्हाला शिव्या घातल्या, कारण दुसरं कोणी सापडत नव्हतं.

एका दुपारी अर्ध्या जेवणावरून पाणी घ्यायला उठले आणि पाहिलं, तर बाबा कम्प्युटरला कव्हर घालत होते. मी एखाद्या जाड पुस्तकाची छापायची फाइल बनवायला मशीनला लावून जेवायला बसते. जरा वेळानं स्क्रीन काळी होते आणि त्यांना वाटतं, पोरीनं बंद केलं. आत मशीन जीव तोडून राबत असतं, आणि हे त्याला पुढून मागून नीट झाकून टाकतात. मागची गरम वारा बाहेर टाकणारी जाळीसुद्धा. जेवून आल्यावर मशीन बंद आणि कव्हर घातलेलं दिसायचं, तेव्हा मला वाटायचं, बंद पडलं म्हणून झाकलं असेल. "धूळ बसून राहिली ना त्याच्यावर," ते म्हणाले. "तुझ्या मायनं शिवलेलं हाय. पेटीत टाकून काय करायचं?" मी कव्हरला हात लावला. तापानं फणफणलेल्या कपाळासारखं लागलं.

तू गेलीस तेव्हा मी लातूरला होस्टेलवर होते. मला जे माहीत आहे ते बाबांच्याच तोंडून. हिमायतनगरच्या लग्नात तू भर दुपारी पत्र्याच्या मांडवात उभी होतीस, आणि खच्चून भरलेल्या जीपमधून घरी आलीस. भेटायला आलेल्या प्रत्येकाला बाबा सांगायचे, "अंग भाजून राहिलं होतं, काहीबाही बोलून राहिली होती. मी म्हणलं, घाम निघाला की ताप उतरंल. खिडकी लावली, तिनंच शिवलेल्या दोन वाकळा घातल्या, हातानं दाबून धरल्या. ती ढकलून राहिली होती, तरी सोडलं न्हाई मी." तुझ्यासाठी आपण काय काय केलं, हे ते सांगत होते. ऐकणारे माना डोलवायचे, कारण सगळ्यांच्या घरी तसंच करतात. मीही डोलावली. पुढे एकदा दवाखान्याच्या भिंतीवर उष्माघाताची सूचना वाचली: कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला. मी तिथंच बाकड्यावर बसले. तेव्हापासून हे माझ्या पोटात आहे. मला त्यांचा राग येतो, माय, अजून येतो. भाकरी वाढताना येतो, त्यांच्या गोळ्या काढून देताना येतो. आणि त्यांनी तुला जेवढं जपलं तेवढं मला कोणी जपलेलं नाही, हेही खरं आहे.

त्या दुपारी मी कव्हर काढून घेतलं आणि पंख्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. बाबांना ऐकू गेला. ते खाटेवर बसले, कव्हर मांडीवर घेतलं.

"मग ह्याच्यानंच तापत होतं का गं?"

"पेस्ट वाळली होती, बाबा. बदलली मी."

ते झालर चाचपत राहिले. माझ्याकडे बघत नव्हते. "झाकल्यानं न्हाई ना?"

"न्हाई."

"तुझी माय बी वाकळ ढकलून राहिली होती," ते म्हणाले. मग कव्हर गुडघ्यावर सपाट करत, "माणसाचं तसं न्हाई ना होत?"

माझ्यासमोर म्हातारा माणूस बसला होता. मी एक शब्द खरा बोलले असते तर पुरे होतं. मी म्हणाले, "न्हाई, बाबा. माणसाचं वेगळं असतं." त्यांनी मान हलवली आणि कव्हराची घडी घातली. तुझ्या बाजूनं बोलणारी या घरात मी एकटीच होते, आणि मी त्यांच्या बाजूनं बोलले.

आता जेवायला उठताना मी मशीन खरंच बंद करते, मग ते झाकतात. आत्ताही कव्हर घेऊन दारात उभे आहेत, "झालं का गं?" म्हणून विचारतायत. हे टाइप केलेलं मी ठेवणार नाही, बंद करताना जाईल. फक्त तुला म्हणून सांगते, त्या दिवशी खोटं बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.