बल्ल्यांवरून जाणारी घोडी

प्रिय रंजीता,

हे पत्र तुझी आई लिहून राह्यली. मी, तुझी आजी, बोलतो अन् ती सुधारते, म्हणून कुठं फार शहाणपणाचं वाचलंस तर ते तिचं समज. फोनच केला असता, पण तो तुझ्या बापाच्या, लखनच्या खिशात असते, अन् हे त्यानं ऐकाचं नाही.

वाशीमले तुझे घोडेस्वारीचे मास्तर आपल्या मैना घोडीले अजून बल्ल्यांवरूनच चालवते काय? तिले उडी शिकवाले तू आपल्या खळ्यात मांडवाच्या बल्ल्या आडव्या टाकल्या, तवा मले वाटलं पोरीचं डोकं फिरलं. वरातीत नाचणारी आपली घोडी, आखूड पावलाची. बल्ली पाहून अशी थबकली जसा साप दिसला. तू अंतर कमीजास्त करत गेलीस, तशी ती मागचे पाय पोटाखाली घ्यायले शिकली. दौड लांब झाली, एका ठेक्यात आली. मग शेवटची बल्ली तू विटांवर ठेवलीस अन् ती वरून गेली. मी पदरात तोंड घातलं. तुले वाटलं म्हातारी रडते; म्हातारी एका डोळ्यानं पाहत होती.

माह्या मनातलं उडीचं भेव तिथंच गेलं. दुसरं बसलं ते त्या दिवशी, रस्त्यानं वरात गेली तवा. ताशा वाजला अन् मैना ऐन बल्लीपुढं थांबून नाचाले लागली. तू तिच्या मानेवरून विटांवर पडलीस. सुजलेला खांदा पाहून बापानं विचारलं, तर तू म्हटलं म्हशीनं ढुसणी दिली. मी बी हो म्हटलं. त्या गरीब म्हशीनं फुकट शिव्या खाल्ल्या. हे लिहिताना तुझ्या आईचा हात थांबला. लखनले न सांगाची तिले मी शपथ घातली, म्हणून डोळे मोठे करून का होईना, लिहून राह्यली.

आता ऐक. तुझा बाप खुशीनं येडा झाला. शेलूबाजारच्या ताशावाल्यांले सुपारी देऊन आला. रविवारी तुझ्या स्पर्धेले त्यांले जीपमधी घालून आणते, तू मैदानात शिरली का वाजवाले लावते. तुले सांगू नका म्हणते. ताशा ऐकला का मैना तिथं बी बल्लीपुढं नाचाले लागते. त्याले थांबवाचं तर तुझं पडणं सांगा लागते, अन् ते समजलं का तो तुले अन् मैनेले तिथूनच घरी आणते. म्हणून तूच त्याले फोन कर, ताशा आणू नको म्हण. शनिवारच्या दिवेलागणीपर्यंत केला नाहीस, तर गप राहाचं तुले दिलेलं वचन मोडून मी त्याले सारं सांगतो. मग रुसाचं तर जन्मभर रुस माह्यावर, पण धडधाकट राहून रुस.

तुझीच भेकड आजी,
हिरीबाई