औषध लावलेलं बी

एडवण,
१४ जुलै १९७७

चि. सौ. नलूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मुलगी झाली, हे तुझं कार्ड हातात यायच्या आधीच कळलं. पोस्टमन दारातूनच हसत होता. वाचून दाखवू का म्हणाला. मी म्हटलं, दोन यत्ता झाल्यात माझ्या, दे इकडे. आळीत गूळ वाटला. शेजारची जमना विसरल्याचं सोंग करून दोनदा घेऊन गेली.

तुझी आई असती तर बाळंतपण इथंच झालं असतं. पण जावईबापूंनी दवाखाना जवळ म्हणून बोईसरलाच ठेवलं, बरंच केलं. फक्त त्या रेशनच्या मेल्या तांदळाची पेज पिऊन दूध कसं येणार? म्हणून आळीतल्या आनंदाबरोबर पायलीभर उकडा तांदूळ पाठवते. साधा नाय हां! यंदा ग्रामसेवकानं सगळ्यांना सरकारी बी दिलं, दुप्पट पिकतं म्हणे. आणि रंग गुलाबी! मला वाटलं सरकारनं अक्षताच करून पाठवल्या. विचारलं तर म्हणाला, औषध लावलंय. मग काय! पेरून उरलेलं बी बाळंतिणीला घालायचं ही आपल्या घरची रीत. सासूनं मला घातलं, मी तुझ्या आईला. त्यात हे औषधाचं. तीनदा धुतलं, उकडलं, वाळवलं, कांडलं. पाणी शिमग्यासारखं रंगलं, पण तांदूळ बघ कसा पांढरा निघाला. दोन वेळा पेज पी, सव्वा महिना चुकवू नको.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
तुझी आजी, येसू


बोईसर,
६ ऑगस्ट १९७७

तीर्थरूप आजीस नलूचा वाकून नमस्कार.

पेज रोज पिते. दूध भरपूर आहे, पोरगी गुबगुबीत झाली आहे. तुझं पत्र मात्र ह्यांना दाखवलं नाही. ह्यांनी रांगेत उभं राहून आणलेल्या रेशनला तू मेलं म्हणालीस ना! आजीचा तांदूळ आला आणि नवऱ्याचा विसर पडला, असं तसंही चिडवतातच.

बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर वाटतात. परवा चालताना झोक गेला. शेजारच्या नर्मदाबाई म्हणतात बाळंतवात असेल. तू काळजी करू नकोस.

नातीवर आणि पणतीवर लोभ राहू दे.
तुझी नलू


एडवण,
१५ ऑगस्ट १९७७

चि. नलूस आजीचे आशीर्वाद.

वात असेल तर पेज तीनदा पी. त्यातलं औषध लागू पडेल. पोरगी गुबगुबीत झाली वाचून मी एकटीच हसत बसले. जमनाला सांगितलं. तिच्या सुनेला सातवा लागलाय, म्हटलं तुझं उरलेलं गुलाबी बी वाया घालवू नको, धू, उकड, तिला घाल. ती लगेच कामाला लागली.

माझ्या कोंबड्या मात्र गेल्या, नऊच्या नऊ. गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. रोग आला असणार. त्याच तांदळाचा कोंडा घालत होते, चांगल्या टरारल्या होत्या गं.

पणतीला माझा पापा.
आजी


बोईसर,
२० ऑगस्ट १९७७

ती. आजींस एकनाथचा नमस्कार.

तुमचं पत्र नलूला वाचता आलं नाही. अक्षरं दिसत नाहीत म्हणाली. म्हणून मी वाचलं, मग मागचंही शोधून वाचलं.

आजी, आमच्या कारखान्यात बियाण्याला चोळायची तीच पावडर भरतात. कुणी खाऊ नये म्हणून तिच्यात मुद्दाम गुलाबी रंग घालतात. आम्ही तोंडाला फडकं बांधून काम करतो. ते विष आहे. औषध म्हणायची आम्हालाही सवय झाली आहे. रंग धुतला जातो, विष उकडताना आत मुरतं. कोंबड्या रोगानं मेल्या नाहीत.

अंगावरचं दूध डॉक्टरांनी बंद केलं. उद्या दोघींना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेतो. जमनाबाईंच्या घरी हे पत्र पोचताक्षणी जा.

तुमची चूक नाही, असं नलू म्हणते.
एकनाथ


एडवण,
२४ ऑगस्ट १९७७

जावईबापूंस येसूचा नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच होतं.

तशीच जमनाकडे गेले. पातेलं चुलीवर होतं, सून पाट मांडत होती. मी सांगितलं, तर जमना म्हणाली की तुझ्या नातीनं खाऊन पोर गुबगुबीत केली, आता माझ्या सुनेचं पोटात दुखतंय तुला. मी पातेलं उचलून अंगणात पालथं केलं. हात भाजले. तिनं नाय नाय ते ऐकवलं, ऐकून घेतलं. सुनेनं आठ दिवस तो तांदूळ खाल्लाय. तिचा नवरा दवाखान्यात न्यायला तयार नाय, औषधानं कुणी मरतं काय म्हणतो. उद्या ग्रामसेवकाला धरून तिला नेते. मग घरोघर जाणार हाय.

शेतात ते भात मांडीएवढं झालंय. लोक बघायला येतात. मी त्या बांधावर जात नाय.

गायीचं दूध घेऊन मुंबईला येऊ का? माझ्या हातचं तुमाला नको असेल तर राहू दे, मी समजेन.

पोरगी आवाज झाला की दचकते का? दिव्याकडे बघते का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. आहे तेच लिहा.

लोभ मागायला तोंड नाय. दोन ओळी मागते.
येसू