अमावस्येचं काळं तेल

प्रिय बाबा,

जयभीम.

गिरणी आज बंद आहे. मी उंबऱ्यावर बसले आहे, आत इंजिन गार पडलं आहे आणि उन्हं कलायला लागली आहेत. काका नवं तेल आणायला मोटारीने घाटंजीला गेला आहे. उद्या सकाळी तो हँडल मारून इंजिन सुरू करणार, आणि मला त्या सकाळची भीती वाटते आहे. आईला सांगता येत नाही. काकाला सांगावं तर तो माझ्याहून घाबरट. म्हणून तुम्हाला लिहिते. मेलेला माणूस पत्र वाचत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तरी लिहिते, हसू नका.

पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि आठवड्याभरात तुम्ही गेलातसुद्धा. कोणी असं जातं का? काही सांगणं नाही, सवरणं नाही! गिरणी विकायची नाही असं काकाने ठरवलं. तो इंजिन सुरू करतो, मी दळण घालते, आई धान्य तोलून घेते. दिवाळी गेली, कापूस घरात आला, सगळं नीट चाललं होतं.

मग थंडी पडली आणि इंजिनाचा आवाज बदलला. वरवर तीच तुमची पुक पुक, पण तिच्या आत आणखी एक ठोका. कोंडलेल्या माणसाने आतून दार वाजवावं तसा. काकाला तो ऐकू येत नव्हता, की ऐकू येऊनही तो गप्प होता? मी विचारलं नाही. दळण घालताना माझे कान मात्र त्या ठोक्याकडेच असायचे.

तुम्ही कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर होतात तेव्हाची गोष्ट आठवते ना? तिथल्या इंजिनाचा आतला दांडा चालता चालता तुटला, बिडाचं अंग फोडून बाहेर आला, आणि एका माणसाचा पाय गेला. ही गोष्ट तुम्ही जेवताना हातवारे करून सांगायचात आणि मी ‘पुन्हा सांगा’ म्हणायचे. दांडा का तुटला, ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही. त्या वयात मला फक्त तुमचे हातवारे आवडायचे.

आणि ती अमावस्या! दर अमावस्येला तुम्ही गिरणी बंद ठेवायचात. त्या दिवशी कोणी बैल जुंपत नाही, गाड्या येत नाहीत, तेव्हा बंद ठेवणं साहजिकच होतं. पण नागपूरहून दीक्षा घेऊन आलात, घरातले देव गेले, उपास गेले, तरी गिरणीची अमावस्या काही गेली नाही. लोक चिडवायचे. काकाला तर मान वर करायची चोरी झाली होती. तो एकदा तुमच्याशी भांडलासुद्धा, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, “अमावस्या इंजिनची हाय, माही नाही.”

आम्हाला वाटलं, तुम्ही थट्टेवारी नेलंत. खरं कारण सांगायला काय झालं होतं, बाबा? दार लावून एकटेच आत बसायचात आणि कोपरापर्यंत काळे हात घेऊन बाहेर यायचात. आत काय चाललंय ते आम्हाला दाखवलं असतंत तर?

तुमच्यामागे काकाने पहिलं काम काय केलं असेल? अमावस्या मोडली. आता आपल्या घरात हे खूळ नको, असं तो म्हणाला. आई हो म्हणाली, मीही हो म्हणाले. अमावस्येलाही आपली गिरणी चालते याचं आम्हाला केवढं कौतुक! त्या कौतुकात आम्ही नेमकं काय मोडलं, ते काल कळलं.

काल देवराव गाडीवाला आला. त्याच्या गाडीचं चाक वेशीपासून ओरडत होतं. दळण नव्हतं त्याच्याकडे, हातात रिकामा डबा होता. मला म्हणाला, “तुहा बाप मले दर अमावस्येले काळं तेल देत जाय. आता काहून नाही भेटत?”

काळं तेल म्हणजे इंजिनातून काढलेलं. म्हणजे तुम्ही दर अमावस्येला जुनं तेल काढून नवं घालत होतात, आणि जुनं देवरावच्या गाडीच्या आसाला जात होतं. तुम्ही गेल्यापासून कोणी काढलंच नव्हतं. मी धावत जाऊन काकाला इंजिन बंद करायला लावलं.

काका चिडला. “तेल काय भाजी हाय, नासाले? कमी झालं का मी वरून टाकून राह्यलो ना!”

खरंच, बाबा, क्षणभर मलाही पटलं. तेल ते तेल, त्याला बदलायचं कशाला? पण भांडी घासलेलं पाणी कितीही वाढवलं तरी ते घाणच राहतं. मी हट्ट सोडला नाही. काकाने पाना घेतला, इंजिनाच्या बुडाचा नट काढला आणि खाली घमेलं धरलं. तेल आलं ते काकवीसारखं काळं. मी बोटावर घेऊन चोळलं तर खरखर लागलं. घमेलं उन्हात आणलं आणि त्यात चमचम दिसायला लागली. बारीक, पांढरी, चांदीच्या भुग्यासारखी. दिसायला इतकी सुंदर की मला आधी भीतीच वाटली नाही.

काकाने मात्र पाना खाली ठेवला. “पोरी, हे तेलातलं नाही. हे इंजिनच्या आंगातलं हाय.”

जिनिंगमधला दांडा असाच झिजून तुटला असेल का, बाबा? आत जे झिजलं ते झिजलं, नवं तेल ते भरून काढणार आहे का? काका म्हणतो, चालवून पाहू. यवतमाळहून कारागीर बोलवायचा तर तो कधी येईल कोण जाणे, आणि लोकांची दळणं पडून आहेत.

पण इंजिनाच्या बाजूची भिंत थंडीत उबदार असते, आणि सकाळी बाया लेकरं घेऊन तिलाच टेकून बसतात. पहिल्या वर्षी आपल्याकडे दळण टाकायलाही ज्या घरच्या बाया येत नव्हत्या, त्याही आता तिथे बसतात. आणि त्यांच्यात आई असते. तुम्ही गेल्यापासून तिने तराजू त्या भिंतीशी हलवला आहे. पाठ लावून बसते आणि म्हणते, “तुहे बाबा आतच हायेत असं वाटते मले.” त्या मातीच्या भिंतीपलीकडे हातभरावर तसाच दांडा फिरतो, बाबा!

आता वचन देते, ते ऐका. अमावस्येला नको, कोणी पुन्हा खूळ म्हणेल; दर पौर्णिमेला गिरणी बंद राहील आणि तेल बदललं जाईल. दार उघडं ठेवून, सगळ्यांच्या देखत, कारण सांगून. आणि उद्या काका हँडल मारेल तेव्हा त्या भिंतीशी कोणी नसेल. बाया रस्त्यापलीकडे, आई घरात. डिझेलची तोटी माझ्या हातात असेल. तो ठोका पुन्हा ऐकू आला तर मी वाट पाहणार नाही, तोटी बंद करीन. मग आई घरातून धावत येईल आणि विचारेल, काहून बंद केलं? तेव्हा मला तिला सांगावं लागेल की आत झिजलेलं लोखंड होतं, बाबा नव्हते. तेही मी सांगीन. दांड्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमची,
मंदा